विनोदाचा रतीब

अमेरिकेतला लेट-नाइट शो हा रात्री अकराच्या बातम्या संपल्यावर सुरू होणारा आणि झोप लागेपर्यंत पाहिला जाणारा कार्यक्रम आहे. १९५४ मध्ये स्टीव्ह अ‍ॅलनने एनबीसीवर ‘टुनाइट’ सुरू केला. तेव्हापासून या कार्यक्रमातली माणसे बदलली, फर्निचर फारसे बदलले नाही. पडद्यामागून सुटातला एक गृहस्थ येतो आणि उभ्याउभ्या दिवसाच्या बातम्यांवर पंधरा-वीस विनोद करतो. मग तो एका टेबलामागे बसतो. या टेबलावर कोणतेही काम होत नाही. टेबलावरच्या कपात काय आहे ते कोणी विचारत नाही आणि मागच्या खिडकीतून दिसणारे शहर खोटे असते. शेजारच्या सोफ्यावर पाहुणे येतात. त्यांचा सिनेमा येत्या शुक्रवारी लागणार असतो, आणि बोलण्याच्या ओघात तो विषय निघाल्याचे दोघांनाही आश्चर्य वाटते. एका कोपऱ्यात वाद्यवृंद बसलेला असतो, विनोद पडला की आवाज भरून काढायला. रात्रीचा म्हणून ओळखला जाणारा हा कार्यक्रम बहुधा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास चित्रित होतो. त्यामुळे प्रेक्षक हसत असतात तेव्हा हसवणारा जेवून घरी झोपलेला असू शकतो.

अशा कार्यक्रमाचा सूत्रसंचालक दीर्घकाळ टिकला की त्याची घसरण होते. यात अपवाद शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण ते बहुधा अशा लोकांकडून ज्यांनी कार्यक्रम मधल्या काळात पाहणे सोडून दिले होते.

घसरणीचे पहिले कारण अंकगणितात सापडते. रात्रीला पंधरा विनोद आणि वर्षाला दीडशे रात्री असा साधा हिशेब धरला, तरी वर्षाला सव्वादोन हजार विनोद होतात. तीस वर्षांत साडेसदुसष्ट हजार. इतके विनोद कोणत्याही एका माणसाला सुचत नाहीत, म्हणून डझनभर लेखक ठेवावे लागतात. लेखकांना रोज नवा विषय लागतो, आणि बातम्या तर रोज त्याच चार-पाच माणसांविषयी येतात. मग एक गव्हर्नर जाड, एक उपाध्यक्ष मठ्ठ, एक नट दारुडा, एक शहर घाण, असे खाते उघडून ठेवले जाते आणि त्यातून रोजचा खर्च भागवला जातो. जे लेनो १९९२ पासून, मधला एक खंड सोडला तर, २०१४ पर्यंत ‘टुनाइट शो’वर होता. त्याच्या राजकीय विनोदांची मोजदाद झाली तेव्हा एकट्या बिल क्लिंटनवर साडेचार हजारांहून अधिक विनोद निघाले. क्लिंटनने राष्ट्राध्यक्षपद २००१ च्या जानेवारीत सोडले. विनोदांनी त्याला पुढेही बरीच वर्षे सोडले नाही.

हा रतीब आहे, आणि रतीबाचे नियम वेगळे असतात. रतीब घालणाऱ्याचे दूध आज किती चांगले आहे यापेक्षा तो वेळेवर आला की नाही याला घरात जास्त महत्त्व असते. दुधात रोज थोडे थोडे पाणी वाढत गेले तर कोणाच्या लक्षात येत नाही; दोन दिवस दूधवाला आला नाही तर मात्र सगळी आळी जागी होते.

या धंद्याचा मानदंड जॉनी कार्सन. त्याने ऑक्टोबर १९६२ मध्ये ‘टुनाइट’ हाती घेतला आणि २२ मे १९९२ रोजी सोडला. या अवधीत साडेचार हजारांच्या आसपास भाग झाले. कार्सनचे खरे कसब विनोद यशस्वी करण्यात नव्हते, तर पडलेला विनोद सांभाळण्यात होते. एखादा विनोद सपशेल आपटला की तो गप्प उभा राही, मायक्रोफोनवर टिचकी मारून बघे, साथीदार एड मॅकमहनकडे आणि मग बँडकडे पाही. प्रसंग फारच बिकट असला तर बँड ‘टी फॉर टू’ वाजवू लागे आणि कार्सन पाय घासत छोटा नाच करून दाखवी. लोक विनोदाला हसले नव्हते त्याच्या दुप्पट या नाचाला हसत. पण यातून एक बाजू उघडी पडली. विनोद पडण्याला एवढा हशा मिळत असेल, तर तो उभा करण्यासाठी जीव टाकण्याचे कारण काय? हा प्रश्न पुढे या क्षेत्रातल्या बहुतेकांना पडला आणि त्यांनी त्याचे उत्तर सोयीनुसार दिले.

कार्सनच्या बाबतीत उतार करारातून आला. सुरुवातीला कार्यक्रम १०५ मिनिटांचा होता; १९६७ मध्ये तो दीड तासाचा झाला आणि १९८० मध्ये तासाचा. दिवसही कमी झाले आणि सुट्ट्या वाढल्या. रिकाम्या खुर्चीवर बसायला बदली माणसे येऊ लागली. त्यांतली जोन रिव्हर्स तर कायमची बदली ठरली, म्हणजे नेमणूक कायम आणि खुर्ची तात्पुरती. मानधन मात्र या सर्व काळात उलट्या दिशेने गेले. लेट-नाइटमधला सूत्रसंचालक सर्वांत जास्त पैसे मिळवत असतो तेव्हा तो सहसा सर्वांत कमी काम करत असतो, हा नियम तेव्हापासून पाळला जातो आहे.

१९८९ मध्ये आर्सेनिओ हॉल नावाचा तरुण आला. त्याच्याकडे टेबल नव्हते, त्याचे प्रेक्षक टाळ्यांऐवजी मुठी फिरवत भुंकत आणि ते कार्सनच्या प्रेक्षकांपेक्षा एका पिढीने लहान होते. १९९१ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने एक प्रहसन केले. त्यात डेना कार्व्हीने रंगवलेला म्हातारा कार्सन हॉलसारखे केस उभे कापून तरुण होऊ पाहतो. नक्कल निर्दय होती आणि बिनचूक होती. या धंद्यात घसरणीचा दाखला समीक्षक देत नाहीत. एखादा नकलाकार तुमच्या लकबींचे सगळे भांडवल दोन मिनिटांत खर्च करून दाखवतो, तोच दाखला. त्याच वर्षी कार्सनने निवृत्ती जाहीर केली.

घसरणीचा सविस्तर अभ्यास करायचा तर डेव्हिड लेटरमनला पर्याय नाही, कारण ती जिथून झाली ती जागा फार उंच होती. १ फेब्रुवारी १९८२ रोजी त्याने एनबीसीवर रात्री साडेबाराला ‘लेट नाइट’ सुरू केला. या वेळेला जागे असणारे लोक म्हणजे विद्यार्थी, रात्रपाळीवाले आणि निद्रानाशाचे रुग्ण. त्यांच्यासाठी काहीही केले तरी चालेल असे वाहिनीला वाटत होते, आणि लेटरमनने ते अक्षरशः घेतले. पहिली मुख्य लेखिका मेरिल मार्को हिच्या डोक्यातून ‘मूर्ख पाळीव प्राण्यांच्या करामती’ निघाल्या. लेटरमन वेल्क्रोचा सूट घालून वेल्क्रोच्या भिंतीवर उडी मारून चिकटला. अल्का-सेल्ट्झरच्या गोळ्या जडवलेला सूट घालून तो पाण्याच्या टाकीत उतरला आणि फेसाळला. पाच मजली मनोऱ्यावरून कलिंगडे, टीव्ही, रंगाचे डबे खाली टाकले गेले, आणि ते फुटताना संथ गतीने पुन्हा दाखवले गेले. यात विनोद काय, असे विचारणाऱ्याला उत्तर देता येत नव्हते. हाच त्यातला विनोद होता.

त्या काळातले दोन प्रसंग जवळून पाहण्यासारखे आहेत. न्यूयॉर्कमध्ये ‘जस्ट बल्ब्स’ नावाचे दुकान होते. लेटरमन कॅमेरा घेऊन आत गेला आणि दिव्यांशिवाय आणखी काय काय मिळते, याची अत्यंत गंभीरपणे चौकशी करत राहिला. दिव्यांवरच्या शेड हव्या असतील तर त्यासाठी ‘जस्ट शेड्स’ नावाचे वेगळे दुकान होते. तो तिथेही गेला. दुसरा प्रसंग १९८६ चा. जनरल इलेक्ट्रिक कंपनी एनबीसीची मालक होणार होती. लेटरमन नव्या मालकांना भेट म्हणून फळांची करंडी घेऊन कंपनीच्या कचेरीवर गेला. सुरक्षा-अधिकाऱ्याने त्याला बाहेर काढले. एका अधिकाऱ्याशी हात मिळवायला गेला तर त्या गृहस्थाने पुढे केलेला हात अर्ध्यातून मागे घेतला. हे दृश्य कार्यक्रमात पुन्हा पुन्हा दाखवण्यात आले आणि जनरल इलेक्ट्रिकचे अधिकृत हस्तांदोलन म्हणून प्रसिद्धीला आले. मालकाची टर मालकाच्याच वाहिनीवर उडवणारा हा माणूस तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता आणि रस्त्यावर होता.

घसरणीच्या पायऱ्या इथून मोजता येतात.

पहिल्या पायरीवर शोधाचे सदर होते. १८ सप्टेंबर १९८५ रोजी लेटरमनने दहा गोष्टींची एक यादी वाचली. वाटाण्यांशी जवळजवळ यमक जुळणारे दहा शब्द, असा तिचा विषय होता. मासिकांमधून निघणाऱ्या पहिल्या दहांच्या याद्यांची ती टवाळी होती. टवाळी लोकांना आवडली, म्हणून दुसऱ्या दिवशीही करावी लागली. २०१५ पर्यंत अशा चार हजारांहून अधिक याद्या झाल्या, म्हणजे ज्यांची टवाळी होती त्या मासिकांपेक्षा जास्त. शेवटच्या काळात यादीतल्या दहापैकी आठ ओळी भरतीच्या असत. पण बँड वाजला की लोक टाळ्या वाजवत, कारण त्यांना यादी ऐकायची नसून यादी आली हे पाहायचे असे.

दुसऱ्या पायरीवर सूत्रसंचालक रस्त्यावरून आत येतो आणि बाहेर दुसऱ्याला पाठवतो. ‘टुनाइट’ लेनोला मिळाल्याने लेटरमन १९९३ मध्ये सीबीएसकडे गेला आणि एड सलिव्हन थिएटरात ‘लेट शो’ सुरू झाला. पहिली वर्षे जोमाची होती. टाको बेलच्या ड्राइव्ह-थ्रू खिडकीत बसून त्याने गिऱ्हाइकांचा जीव नकोसा केला, तो याच काळात. शेजारच्या स्मृतिवस्तूंच्या दुकानातले मुजीबूर आणि सिराजुल हे दोन बांगलादेशी विक्रेते त्याने देशभर प्रसिद्ध केले आणि अमेरिका दाखवायला पाठवले. कोपऱ्यावरच्या हेलो डेलीचा मालक रुपर्ट कानात यंत्र अडकवून बाहेर जाऊ लागला आणि लेटरमन आतून त्याला लोकांशी काय बोलायचे ते सांगू लागला. हे सगळे मजेदार होते. फक्त रस्त्यावर जाणारा माणूस बदलला होता, आणि आतला माणूस खुर्चीत स्थिरावला होता. थिएटर मात्र तो थंडगार ठेवी, कारण उबेत विनोद मरतो यावर त्याची श्रद्धा होती. प्रेक्षक स्वेटर घालून येत.

तिसऱ्या पायरीवर जुन्या कल्पनांचा आकार लहान होतो. २००२ मध्ये ‘तरंगेल का?’ हे सदर सुरू झाले. एखादी वस्तू आणायची, लेटरमन आणि बँडप्रमुख पॉल शॅफर यांनी ती तरंगेल की बुडेल यावर चर्चा करायची आणि मग ती पाण्याच्या टाकीत सोडायची. शोभेला एक तरुणी कमरेभोवती रिंग फिरवे आणि दुसरी ग्राइंडरने ठिणग्या उडवे. वस्तू खाली टाकण्याची आवड कायम होती. उंची पाच मजल्यांवरून टाकीच्या काठावर आली होती. सूत्रसंचालकाच्या घसरणीचे इतके अचूक मोजमाप क्वचितच उपलब्ध असते.

चौथ्या पायरीवर लकब उरते. लेटरमन हातातली कार्डे मागच्या खोट्या खिडकीवर भिरकावत असे आणि लगेच काच फुटल्याचा आवाज येत असे. ही गंमत १९८२ च्या सुमारास सुरू झाली आणि २०१५ पर्यंत चालली. खिडकीला काच कधीच नव्हती. तेहेतीस वर्षे ती फुटत राहिली आणि प्रत्येक वेळी हसणारे लोक निघाले. त्यांतले काही पहिल्या काच-फुटीनंतर जन्मलेले होते.

पाचवी पायरी सर्वांत सोयीची. कार्यक्रम वाईट आहे हे सूत्रसंचालक स्वतःच सांगू लागतो. पाहुणा कंटाळवाणा, विनोद पडीक, वाहिनी मूर्ख आणि आपण म्हातारे, अशी तक्रार तो रोज करतो आणि तीही विनोद म्हणून धरली जाते. यामुळे टीकाकाराची पंचाईत होते. पाट्या टाकणाऱ्याने ‘मी पाट्या टाकतो’ असे हसत सांगितले, तर त्याला पाट्या टाकू नका असे सांगण्यात काही अर्थ उरत नाही.

घसरण सरळ रेषेत जात नाही, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. २००० च्या जानेवारीत लेटरमनच्या हृदयावर पाच बायपासची शस्त्रक्रिया झाली. तो परतला तेव्हा त्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना मंचावर आणले आणि बोलताना त्याचा गळा भरून आला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर १७ सप्टेंबर २००१ रोजी त्याने कार्यक्रम सुरू केला तेव्हा तो विनोद न करता बोलला. ते भाषण लोकांच्या लक्षात राहिले. २००२ मध्ये गायक वॉरन झेव्हन मरणाच्या दारात असताना त्याने अख्खा तास त्याच्यासाठी ठेवला. विनोदी कार्यक्रमातल्या सर्वांत चांगल्या रात्री या विनोद बाजूला ठेवलेल्या रात्री निघाल्या. अंगात कसब शिल्लक असल्याचे त्यातून दिसले. पण असे काही रोज घडत नाही, आणि घडावे अशी इच्छाही कोणी करणार नाही.

जे लेनोचे प्रकरण यापेक्षा सोपे आहे. ऐंशीच्या दशकात तो अमेरिकेतल्या उत्तम स्टँड-अप विनोदवीरांत गणला जाई, आणि लेटरमनच्याच सोफ्यावर बसून तो सभागृह हलवीत असे. ‘टुनाइट’ मिळाल्यावर त्याने धार काढून ठेवली. त्याच्यावर नाराज समव्यवसायी म्हणत, त्याची घसरण कार्यक्रम सुरू होण्याआधीच उरकून झाली. उंचावरून सुरुवात नाही, म्हणून पडण्याचीही भीती नाही. वेश्येसोबत पकडला गेलेला नट ह्यू ग्रँट १९९५ च्या जुलैत त्याच्याकडे आला आणि लेनो पहिल्यांदा लेटरमनच्या पुढे गेला. पुढे बहुतेक काळ तो पुढेच राहिला. रतीबात गुणवत्तेपेक्षा सातत्य विकले जाते, हे त्याच्याइतके कोणाला कळले नव्हते.

वाहिन्यांनाही ते कळते. जुना माणूस कितीही ओसरला तरी त्याला हलवणे धोक्याचे असते. जून २००९ मध्ये एनबीसीने लेनोच्या जागी कोनन ओब्रायनला आणले आणि लेनोला रात्री दहाची वेळ दिली. दहाची वेळ पडली, तिच्यामागून अकराच्या बातम्या पडल्या आणि त्यांच्यामागून ओब्रायनचा कार्यक्रम. सात महिन्यांत ओब्रायन बाहेर आणि लेनो परत त्याच खुर्चीत. या एका हिवाळ्याने वाहिन्यांना शिकवले की घसरलेला माणूस ही अडचण नसते, बदललेला माणूस ही असते.

प्रेक्षकांचा वाटा यात सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा आहे. प्रत्येक प्रेक्षकाच्या मते सूत्रसंचालकाचा सुवर्णकाळ म्हणजे तो स्वतः रात्री एकपर्यंत जागू शकत होता तो काळ. कार्सन आला तेव्हा त्याच्याआधीच्या जॅक पारची आठवण काढणारे होते. लेटरमन साडेबाराहून साडेअकरावर आला तेव्हा ‘खरा लेटरमन साडेबाराचा’ म्हणणाऱ्यांची फौज १९९३ मध्येच उभी राहिली. या लोकांच्या डोळ्यांसमोर १९८४ चा वेल्क्रोचा सूट असतो. त्याच आठवड्यात पडलेले साठ विनोद त्यांना आठवत नाहीत. शिवाय प्रेक्षकाचेही वय वाढते. पहिला पाहुणा येईपर्यंत त्याला झोप लागते, आणि दुसऱ्या दिवशी तो कचेरीत सांगतो की हल्ली कार्यक्रमात काही राम राहिला नाही.

तक्रार करणाऱ्या या मंडळींची भूमिका निवृत्ती जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बदलते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध ही म्हण लेट-नाइटला लागू आहे, फक्त इथे म्हैस मरण्याआधी वर्षभर नोटीस देते. कार्सनचा अखेरचा भाग सुमारे पाच कोटी लोकांनी पाहिला असे मानतात. ते इतर रात्री कुठे होते, ते कोणी विचारले नाही. लेटरमनचा शेवटचा भाग २० मे २०१५ रोजी झाला. आदल्या रात्री बिल मरे पाहुणा होता. १९८२ च्या आणि १९९३ च्या पहिल्या भागांतही तोच होता. शेवटच्या भागाच्या आरंभी दोन्ही बुश, क्लिंटन आणि ओबामा अशा चौघा राष्ट्राध्यक्षांनी एकामागून एक येऊन देशाचे दुःस्वप्न संपल्याचे जाहीर केले. त्यांतल्या काहींवर लेटरमनने ढीगभर विनोद केले होते आणि काहींवर त्याला फारसे सुचले नव्हते.

घसरण सूत्रसंचालकाच्या बुद्धीची होते की रोजच्या कामाची, याचा उलगडा निवृत्तीनंतर होतो. कार्सन घरी बसल्यावर वर्तमानपत्र वाचताना सुचलेले विनोद लेटरमनला पाठवत असे आणि लेटरमन त्यांतले काही आपल्या मोनोलॉगमध्ये वापरत असे. २००५ च्या जानेवारीत, कार्सनच्या मृत्यूच्या थोडे आधी, ही गोष्ट उघड झाली. पाठवण्याची सक्ती नव्हती, म्हणून चांगलेच तेवढे जात होते. लेटरमनने दाढी वाढवली आणि २०१८ पासून नेटफ्लिक्सवर, वाटेल तेव्हा आणि वाटेल त्याच्याशी, मुलाखती घेऊ लागला. तिथे तो पुन्हा उत्सुक दिसला. ओब्रायनने २०१९ मध्ये, दुसऱ्या वाहिनीवर नोकरीत असतानाच, टेबल आणि बँड काढून टाकले, कार्यक्रम अर्ध्या तासाचा केला आणि तो अधिक हसवू लागला. टेबल हेच दुखणे होते, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

भारतात १९९७ मध्ये शेखर सुमनने सोनीवर ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ हा याच साच्यातला कार्यक्रम आणला. बँड होता, बातम्यांवरचे विनोद होते, सोफाही होता. तो काही वर्षांतच बंद झाला, त्यामुळे दीर्घकालीन घसरणीचा भारतीय पुरावा उपलब्ध नाही.

अमेरिकेतही तो यापुढे मिळेलच असे नाही. कार्यक्रम आता रात्री पाहिला जात नाही. त्याचे चार-चार मिनिटांचे तुकडे सकाळी फोनवर पाहिले जातात. जिमी फॅलनचे नवे भाग २०२४ मध्ये आठवड्याला पाचवरून चारवर आले, आणि त्याच वर्षी सेथ मायर्सचा बँड खर्चापायी गेला. २०२५ च्या जुलैत सीबीएसने ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद होणार असल्याचे सांगितले. लेटरमनच्या जागी आलेल्या स्टीव्हन कोलबर्टचा हा कार्यक्रम आपल्या वेळेत सर्वांत जास्त पाहिला जात होता. वाहिनीने कारण आर्थिक असल्याचे सांगितले. चांगल्या सूत्रसंचालकाला पुरते उतरायला वीस-पंचवीस वर्षे, गलेलठ्ठ पगार आणि झोपाळू प्रेक्षक लागतात. यांतले प्रेक्षक तेवढे अजून शिल्लक आहेत, आणि तेही आता साडेदहालाच झोपतात.